मुश्कीसाठी वस्ताद

सकाळपासून दुकान बंद आहे.
ट्रॅक्टरचे फिल्टर, बेअरिंगा, पंख्याचे पट्टे
आज संकेश्वरात माझ्याकडून कुणाला मिळणार नाहीत.
शटरवर मी खडूनं लिहिलंय: घोड्याचं काम.
खाली कुणीतरी कन्नडात भर घातली,
आज मालकालाच नाल ठोकतायत.

जुना वस्ताद रुद्राप्पा दसऱ्याला गेला.
मेला नाही. मुलीकडे, दावणगिरीला.
निघताना लगाम हातात दिला माझ्या,
चामडं त्याच्या मुठीच्या आकाराचं झालेलं,
माझ्या मुठीत ते बसेना.

मग माणसं येऊ लागली.
इचलकरंजीचा एक, मोबाईलवर चौदा व्हिडिओ,
धुळीत गाडी, मागं पन्नास मोटरसायकली, हॉर्न, शिट्ट्या,
शेवटी हार घातलेलं घोडं आणि हार घातलेला तो.
मी म्हटलं, घोडी तिकडं आहे.
म्हणाला, हा शेवटचा बघा, यात बुलेट जिंकलीय.

रायबागचा पोरगा मात्र कमी बोलला.
खिशातून काढून दाखवलं:
दोन सेल, तांब्याची तार, एक बटण.
"शेवटच्या फर्लांगाला एकदाच. कुणाला दिसत नाही."
खोटं कशाला सांगू, मी लगेच हाकललं नाही त्याला.
हुक्केरी रस्त्यावरची शर्यत डोळ्यांपुढं आली,
चांदीची गदा आली,
मेव्हण्याचं तोंड आलं.
बटणाला स्प्रिंग कुठली बसवलीय तेही मी विचारलं,
धंद्याची सवय.
गोठ्यात हौशा फुरफुरला तेव्हा कुठं
मी चहाचा कप खाली ठेवला.

बेळगावहून भाच्याला घेऊन आली खैरुनबी.
नोकरी भाच्याला हवी होती.
तो माझ्यासमोर बसून खुराकाचं सांगत होता,
हरभरे किती, अंडी किती, तेल कुठलं.
ती चप्पल काढून गोठ्यात गेली.
तिचा बाप स्टेशन ते खडेबाजार टांगा हाकायचा,
तो गेल्यावर सात वर्षं हिनं हाकला,
मग रिक्षा आल्या.

मुश्की अनोळखी माणसाला चावते.
मी ओरडणार होतो.
बाई खाली बसलेली, गुडघ्याखालच्या नळीवर हात,
दाबत नव्हती, नुसता ठेवलेला,
जसा आमचा मिस्त्री इंजिन खोलायच्या आधी
चालू इंजिनावर पंजा ठेवून
तोंड भलतीकडं करून उभा राहतो.

"गरम हाय," ती म्हणाली.
"जत्रंला पळवू नका. उन्हाळा जाऊ द्या."
कट्ट्यावरची माणसं हसली.
भाचा कानापर्यंत लाल झाला.
जत्रेला नावं दिलेली, वर्गणी भरलेली,
गाडीला नवी चाकं, सायकलच्या रिमची, हलकी,
मी स्वतः बसवलेली.

मग तिनं मला विचारलं,
रात्री ही कंच्या पायावर भार टाकती?

चार वर्षं घोडी माझ्या दावणीला.
तिच्या नालांची पावती आहे माझ्याकडं,
टोचण्यांच्या तारखा आहेत, विकत घेतल्याचा कागद आहे.
मी म्हटलं, बघून सांगतो.
ती नंबर देऊन साडेपाचच्या बसला गेली.

आत्ता दोन वाजलेत.
बॅटरीवर फडकं धरून उभा आहे, उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून.
हौशा मागचा एक पाय सैल सोडून झोपलाय,
ओठ लोंबतोय म्हाताऱ्यासारखा.
मुश्की जागी आहे.
पुढचा उजवा पाय वीतभर पुढं,
खुराची नुसती कड भुईला लागलेली,
जसं कुणी पाण्यात उतरायच्या आधी
अंगठा बुडवून बघतं.
लांब हिरण्यकेशीकडं कुत्री भुंकतायत.

इतक्या रात्री कुणाला फोन करत नाहीत.
मी केला.
पहिली रिंग पुरी वाजलीही नाही.
हॅलो नाही, कोण बोलतंय नाही,
पलीकडून फक्त,
"कंचा?"